गरीब म्हणवून घेण्याची सक्ती

मायकेल ग्रीन हे अमेरिकेतले एक गुंतवणूक-व्यवस्थापक. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी एक लांबलचक लेख लिहून असं मांडलं, की आजच्या अमेरिकेत चौघांच्या कुटुंबाची खरी दारिद्र्यरेषा वर्षाला १ लाख ४० हजार डॉलरच्या आसपास धरायला हवी. सरकारी रेषा त्या वर्षी ३२,१५० डॉलर होती. रुपयांत सांगायचं तर वर्षाला सव्वा कोटी मिळवणारं घर गरीब! मराठी वाचकाला हसू येईल. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनाही आलं. टायलर कोवेन यांच्यासह अनेकांनी या आकड्याची लगोलग चिरफाड केली, आणि ती बव्हंशी रास्तच होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या निम्म्या घरांचं उत्पन्न ८३,७३० डॉलरच्या खाली होतं. ग्रीन यांची रेषा मानली तर देशातली बहुसंख्य कुटुंबं दरिद्री ठरतात, आणि मग खऱ्या दरिद्र्याला म्हणायचं काय, हा प्रश्न उरतो. मात्र हिशेब चुकीचा ठरला तरी लेखकाला दाद देणारे मागे हटले नाहीत. आपल्याच घरचं कुणीतरी बोललं, असं त्यांना वाटत होतं. एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला अनुभव, अशी ही झुंज अमेरिकेत दर काही वर्षांनी होते आणि दर वेळी अनिर्णित सुटते. ती अशी सुटण्याचं कारण मला अमेरिकेच्या मदत वाटण्याच्या पद्धतीत दिसतं. गरीब असल्याचं सिद्ध केल्याशिवाय ज्या देशात मदत मिळत नाही, तिथे अडचणीतल्या प्रत्येकाला आपण गरीब आहोत असं म्हणावं लागतं आणि मदतीला विरोध असणाऱ्या प्रत्येकाला ते खोटं पाडावं लागतं.

आधी सरकारी रेषेची कुळकथा पाहू. सामाजिक सुरक्षा प्रशासनात काम करणाऱ्या मॉली ओर्शान्स्की यांनी ती १९६३-६४ च्या सुमारास आखली. कृषी खात्याने अगदी हात आखडून केलेल्या आहाराचा खर्च काढून ठेवला होता. १९५५ च्या पाहणीत असं दिसलं होतं की सर्वसाधारण कुटुंब कर वजा जाता हाती येणाऱ्या पैशातला तिसरा हिस्सा अन्नावर घालवतं. म्हणून आहाराचा खर्च गुणिले तीन. १९६९ मध्ये सरकारने ही रीत अधिकृत केली. तेव्हापासून तिच्यात महागाईची भर पडत आली आहे, मूळ बांधणी तीच. (आपल्याकडे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांवरून रेषा काढली, तिचाही पाया पोटच होता. दारिद्र्य मोजायला बसलेला अर्थशास्त्रज्ञ कुठल्याही देशातला असो, सुरुवात ताटापासून करतो.) ओर्शान्स्कीबाईंना स्वतःला या आकड्याची मर्यादा पक्की ठाऊक होती. किती पुरेसं हे ठामपणे सांगता येत नाही, किती अपुरं एवढंच सांगता येतं, अशी त्यांची भूमिका होती. ग्रीन यांनी त्यांचीच पद्धत उचलली आणि विचारलं, की घरच्या जेवणावर आता उत्पन्नाचा पाच-सात टक्केच भाग जात असेल तर तीनने का गुणायचं, सोळाने का नाही? या युक्तिवादातली फट सहज दिसते. अन्न स्वस्त झालं की माणसं जास्त गरीब ठरणार! रोगी बरा होऊ लागला म्हणून औषध वाढवण्यातला हा प्रकार.

पण त्यांच्या लेखाला दुसरा पाय होता आणि तो इतका लंगडा नव्हता. न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटीत दोघं कमावते आणि दोन लहान मुलं असं घर चालवायला काय लागतं, याचा तक्ता त्यांनी मांडला होता. त्यात घराला सुमारे २३ हजार डॉलर आणि मुलांच्या पाळणाघराला जवळपास ३३ हजार. टीकाकार म्हणाले, हा महागड्या भागाचा हिशेब आहे, यातले बरेच आकडे गरजेचे नसून सरासरी खर्चाचे आहेत, आणि पाळणाघराची वर्षं पाच-सातच असतात. तिन्ही मुद्दे खरे. तरी छपरापेक्षा पाळणाघर महाग, ही त्या तक्त्यातली गोष्ट कुणाला खोडता आली नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर हे आकडे वाचून दाखवायची गरज नाही. पुण्या-नाशिकहून व्हिसावर सहा-सहा महिन्यांसाठी आळीपाळीने जाणारे दोन्हीकडचे आजी-आजोबा हे प्रेमाचं प्रकरण आहेच. पण तिथल्या एडिसन गावच्या बाजारभावाने त्यांच्या त्या सहा महिन्यांची किंमत काढली तर भल्याभल्यांची बोनसची रक्कम झाकली जाईल. ज्या अमेरिकी घराला अशी आजी नाही, त्याने काय करायचं?

आता दुसरी बाजू नीट ऐकायला हवी, कारण ती नुसती निष्ठुरांची बाजू नाही. प्यू संशोधन केंद्राच्या मोजणीनुसार १९७१ मध्ये ६१ टक्के अमेरिकी लोक मध्यमवर्गीय घरांत राहत होते, २०२३ मध्ये ५१ टक्के. 'मध्यमवर्ग आटला' असं म्हणणारे इथेच थांबतात. पण त्याच तक्त्यात वरच्या वर्गाचा वाटा ११ वरून १९ टक्क्यांवर गेला आहे, आणि खालच्याचा २७ वरून ३० वर. म्हणजे मधून निघालेल्यांपैकी अधिक लोक वर गेले. २०१९ ते २०२२ या तीन वर्षांत मधल्या घराची निव्वळ मालमत्ता महागाई वजा जाता ३७ टक्क्यांनी वाढून १ लाख ९२ हजार ९०० डॉलर झाली, असं फेडरल रिझर्व्हचीच पाहणी सांगते. अचानक आलेला ४०० डॉलरचा खर्च रोख भागवू शकत नाही असं सुमारे ३७ टक्के लोक सांगतात, हे वाक्य पुढाऱ्यांच्या भाषणांत दहा वर्षं फिरतं आहे. पण त्यातले बरेचजण क्रेडिट कार्डावर घेऊन हळूहळू फेडू, असं सांगणारे असतात, मुळीच देता येणार नाही म्हणणारे १३ टक्क्यांच्या आसपास. हे सगळं धरलं तर अमेरिकेचा मध्यमवर्ग देशोधडीला लागला असं कुणाही प्रामाणिक माणसाला म्हणता येत नाही.

मग तक्रार खोटी का? नाही, कारण या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट मोजलीच जात नाही: खर्चातला किती भाग घराच्या हातात आहे. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया यांनी २००३ च्या 'द टू-इन्कम ट्रॅप' या पुस्तकात हा हिशेब केला होता. १९७० च्या दशकातल्या एका पगाराच्या कुटुंबाच्या तुलनेत तीस वर्षांनंतरचं दोन पगारांचं कुटुंब सुमारे ७५ टक्के जास्त कमवत होतं. तरी घर, विमा, मोटार, पाळणाघर आणि कर यांचे बांधलेले खर्च गेल्यावर त्याच्या हाती आधीच्या कुटुंबापेक्षा कमीच उरत होतं. कायद्याचे प्राध्यापक टॉड झिविकी यांनी दाखवून दिलं की या वाढीत करांचा वाटा पुस्तकाने सुचवल्यापेक्षा मोठा होता. तो आक्षेप मान्य केला तरी मूळ मुद्दा उभाच राहतो, कारण करही बांधलेलाच खर्च. नोकरी गेली तर सिनेमा, कपडे, हॉटेल बंद करता येतं. गृहकर्जाचा अर्धा हप्ता भरता येत नाही, आणि पाळणाघर सोडलं तर नवी नोकरी शोधायला जाणार कधी? शिवाय पूर्वी घरी असलेली आई संकटात कामाला जाऊ शकत होती. आता ती आधीच कामावर आहे. राखीव फळी उरलेली नाही.

काय स्वस्त झालं आणि काय महागलं हेही यात पाहायला हवं. दूरदर्शन संच, कपडे, खेळणी, फोन यांच्या किमती चाळीस-पन्नास वर्षांत खाली आल्या किंवा त्याच पैशांत कितीतरी चांगला माल मिळू लागला. दवाखाना, महाविद्यालय, पाळणाघर मात्र चढतच गेलं. नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्यविम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १९९९ मध्ये ५,७९१ डॉलर होता; २०२५ मध्ये तो २६,९९३ झाला. साधारण महागाई या काळात दुपटीच्याही आत राहिली. यामागे कुणाचं कारस्थान असेलच असं नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्येच सांगून ठेवलं होतं, की यंत्राने ज्या कामाचा वेग वाढत नाही ते काम इतर कामांच्या तुलनेत महागत जाणार. अनेक राज्यांत एका बाईने चारांहून जास्त तान्ही मुलं सांभाळायची नाहीत असा नियम आहे, आणि तो असायलाच हवा. त्या चार घरांनी मिळून तिचा पगार, जागेचं भाडं, विमा, वीज सगळं उचलायचं. म्हणून पाळणाघर आईबापांना परवडत नाही, आणि तरीही सांभाळणाऱ्या बाईला तासाला जेमतेम १५ डॉलर पडतात. सरासरी महागाईच्या आकड्यात दूरदर्शन संचाची घसरण आणि पाळणाघराची चढण एकमेकांना झाकतात. पण तीन वर्षांच्या मुलाला दूरदर्शन संचाच्या हवाली करून कामावर जाता येत नाही.

सरासरीचा आणखी एक दोष वर्षाचा. जोनाथन मॉर्डक आणि रेचल श्नायडर यांनी २३५ कुटुंबांच्या पैशाची वर्षभर नोंद ठेवली तेव्हा दिसलं, की वर्षातले सरासरी पाच महिने या घरांचं उत्पन्न त्यांच्याच मासिक सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली होतं. वर्षाच्या हिशेबात सुस्थित दिसणारं घर फेब्रुवारीत भाड्यासाठी उधार मागत असतं. जनगणना खातं वर्षाचा आकडा छापतं, घरमालक महिन्याचं भाडं मागतो.

असं असेल तर अडचणीतल्या घराने सरळ म्हणावं, आम्ही गरीब नाही, पण पाळणाघर आणि विमा या दोन गोष्टी आम्हाला पेलत नाहीत. तसं म्हणण्याची सोय अमेरिकेत नाही. २००७ ची एक घटना यासाठी जरा जवळून पाहण्याजोगी आहे. बाल्टिमोरमधल्या एका कुटुंबातली दोन मुलं मोटार अपघातात गंभीर जखमी झाली होती, आणि त्यांच्यावरचे उपचार १९९७ मध्ये सुरू झालेल्या बालआरोग्यविमा योजनेतून झाले होते. ही योजनाच मुळी मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यासाठी 'जास्त' आणि खासगी विम्यासाठी 'कमी' पैसे असलेल्या घरांच्या मुलांसाठी होती. योजना वाढवण्याचं विधेयक अध्यक्ष बुश नाकारणार होते, तेव्हा त्या दोघांतल्या बारा वर्षांच्या मुलाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या साप्ताहिक रेडिओ भाषणात आपली हकिगत सांगितली. कुटुंबाचं उत्पन्न सुमारे ४५ हजार डॉलर, खाणारी तोंडं सहा, कायद्याप्रमाणे पात्र. तरी पुढच्या काही दिवसांत विरोधी बाजूच्या भाष्यकारांनी त्यांच्या घराची किंमत शोधून काढली, मुलं खासगी शाळेत जातात हे शोधलं, आणि स्वयंपाकघरातला ओटा ग्रॅनाइटचा असल्याची चर्चा सुरू झाली. घर वस्ती स्वस्त असताना १९९० मध्ये ५५ हजारांना घेतलेलं होतं, शाळेला शिष्यवृत्ती होती, हे खुलासे मागाहून आले. ३ ऑक्टोबरला बुश यांनी विधेयक नाकारलं; विस्तार झाला तो २००९ मध्ये, ओबामांच्या सहीने. अपघातात मेंदूला इजा झालेल्या मुलाच्या उपचारांचा प्रश्न ओट्याच्या दगडावर येऊन ठेपावा, याचा दोष मी निव्वळ त्या भाष्यकारांच्या क्रूरपणाला देणार नाही. गरजू असल्याच्या दाखल्यावर मदत मिळत असेल तर दाखला तपासणारे निघणारच.

याउलट मेडिकेअर पाहा. १९६५ चा हा कायदा पासष्टी ओलांडलेल्या जवळपास प्रत्येकाला आरोग्यविमा देतो. श्रीमंत म्हाताऱ्याला हप्ता जास्त पडतो, पण दार सर्वांना तेच. मेडिकेअरवर शस्त्रक्रिया झालेल्या निवृत्त माणसाच्या घरातली फरशी कुठल्या दगडाची, हे पाहायला कुणी जात नाही. सरकारी शाळेचं तेच, सामाजिक सुरक्षेच्या पेन्शनचं तेच. या योजनांवर अमेरिकेत वाद होत नाहीत असं नाही; खर्चावरून तर कडाक्याचे होतात. पण लाभ घेणाऱ्याच्या चारित्र्यावर घसरणारे वाद फार कमी. एकाच देशात, एकाच राजकीय संस्कृतीत हा फरक पडतो, तेव्हा 'अमेरिकी माणूस मुळातच व्यक्तिवादी' हे ठरलेलं उत्तर पुरत नाही.

रेषेची पद्धत माणसाला कुठे नेऊन उभी करते याचं ताजं उदाहरण आरोग्यविम्याच्या सवलतीचं आहे. ओबामांच्या कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाच हप्त्यात सवलत होती. २०२१ मध्ये ही अट शिथिल झाली आणि २०२५ अखेर ती शिथिलता संपली. तिच्यावरूनच १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. २०२६ साठी दोघांच्या घराची चौपट रेषा ८४,६०० डॉलर येते. तिच्या आत असलेल्या जोडप्याला प्रमाण मानल्या जाणाऱ्या विम्यासाठी उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून जास्त हप्ता पडत नाही, म्हणजे वर्षाला साडेआठ हजारांच्या आत. एक डॉलर वर गेलं की सवलत शून्य. केएफएफ या आरोग्यधोरण-संस्थेच्या अंदाजाप्रमाणे साठीतल्या, ८५ हजार डॉलर मिळवणाऱ्या जोडप्याचा हप्ता त्यामुळे वर्षाला २२,६०० डॉलरहून अधिक वाढणार होता. चारशे डॉलर जास्त मिळाले म्हणून वीस हजारांवर खर्च वाढणारं हे जोडपं गरीब आहे का? अजिबात नाही. त्यांची तक्रार खरी आहे का? शंभर टक्के. ओर्शान्स्कीबाईंनी ताटावरून काढलेला आकडा चारने गुणून तो विमा कुणाला परवडतो हे ठरवायला वापरला, की असा चमत्कार होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की अडचण स्वतः ओढवून घेतलेली असते. १९७३ मध्ये नव्या अमेरिकी घराचं मध्यक क्षेत्रफळ १,५२५ चौरस फूट होतं, २०१५ मध्ये २,४६७. नील गॅब्लर या लेखकाने २०१६ मध्ये आपल्यापाशी ४०० डॉलर नसतात असं जाहीर लिहिलं, तेव्हा वाचकांनी त्याच्या मुलींच्या खासगी शाळांकडे बोट दाखवलं. आक्षेपात तथ्य आहे. उधळपट्टी करणारे सगळ्याच वर्गांत असतात. पण लहान घर घ्यायचं म्हटलं तरी ते बांधलेलं कुठे आहे? अमेरिकेतल्या कितीतरी उपनगरांत प्लॉट किमान अमुक एवढा हवा, आणि त्यावर एकाच कुटुंबाचं घर हवं, असे नगररचनेचे नियम आहेत. चांगली सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, म्हणून त्या पत्त्यासाठी झुंबड आणि चढता भाव. याला निवड म्हणायचं तर म्हणावं. दुसरा आक्षेप, ही सगळी भावना पक्षीय आहे: राष्ट्राध्यक्ष बदलला की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांचं अर्थव्यवस्थेबद्दलचं मत रातोरात उलटतं. बरोबर, आणि म्हणूनच मी इथे मनःस्थितीच्या पाहण्यांचा आधार घेतलेला नाही. विम्याचा हप्ता कुणाच्या पक्षाने बदलत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सुखवस्तूंनी गरिबीचा झेंडा उचलला की खऱ्या गरिबांच्या तोंडचा घास जातो. सर्वांना मदत म्हणजे श्रीमंतालाही मदत, मग तेवढाच पैसा खाली का नको? ग्रीन यांच्या आकड्याबाबत हा आक्षेप पूर्ण लागू आहे. धोरणाबाबत मात्र पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये मुलांमागची करसवलत वाढवून ती जवळपास सर्व कुटुंबांना, जुलैपासून दर महिन्याला, दिली गेली. दारिद्र्याच्या पूरक सरकारी मोजमापाप्रमाणे बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आलं, आणि योजना संपताच २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेलं. मध्यमवर्गाला मिळालं म्हणून गरिबाला कमी मिळालं नाही. पूर्वी पुरेशी कमाई नाही म्हणून पूर्ण सवलतीतून गळणारे सर्वांत गरीब याच वेळी आत आले. अर्थात सर्वांसाठीची योजना आपोआप टिकते, या माझ्या मताला हीच घटना धक्का देते, कारण ती वर्षभरही टिकली नाही. सहा महिन्यांत कुणाला तिची सवय झाली नाही, कर-खात्याकडून खात्यात आलेली रक्कम नेमकी कशाची हेही अनेकांना कळलं नाही. मेडिकेअरचं कार्ड खिशात असतं. ही सवलत बँकेच्या पासबुकात एक ओळ होती. टिकण्यासाठी योजना सार्वत्रिक असून भागत नाही, ती दिसावीही लागते, असा निष्कर्ष मी यातून काढतो. त्याहून मोठा काढायला एवढा पुरावा पुरणार नाही. श्रीमंतालाही मिळतं म्हणाल, तर त्याच्याकडून ते करात परत घेता येतं. त्यासाठी दारावर पहारेकरी बसवावा लागत नाही.

पाळणाघराचा प्रश्न अमेरिकेने एकदा जवळजवळ सोडवला होता. १९७१ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी देशभर बालसंगोपन केंद्रं उभारण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. त्यात गरिबाला फुकट आणि बाकीच्यांना ऐपतीप्रमाणे फी अशी सोय होती. अध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरात ते नाकारलं. मुलं वाढवणं हे कुटुंबाचं काम, समूहाचं नव्हे, असं कारण दिलं. त्यानंतर चोपन्न वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२५ पासून, न्यू मेक्सिको या अमेरिकेतल्या गरीब राज्यांत मोडणाऱ्या राज्याने उत्पन्नाची अट काढून सर्व कुटुंबांना पाळणाघर मोफत केलं. त्याआधी तिथेही दारिद्र्यरेषेच्या चौपटीची अट होती. पैसा बराचसा तेल आणि वायूच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीतून येतो, त्यामुळे ज्या राज्याला विहिरी नाहीत त्याने काय करावं हे विचारणारे आहेत, आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. तेलाचा भाव पडला तर काय, हेही. पण तिथला वाद कुठल्या मुद्द्यावर आला आहे ते पाहण्यासारखं आहे: पुरेशा सांभाळणाऱ्या बाया मिळणार कुठून, त्यांना तासाला किमान १८ डॉलर देणाऱ्या केंद्रांना जादा दर दिल्याने त्या टिकतील का, आणि खेड्यापाड्यांत केंद्रंच नाहीत तिथे मोफत म्हणण्याला काय अर्थ.